नाव न घेता सांगितलेली कामं

कुंडलिक अण्णांनी उभ्या आयुष्यात घरातलं एकही काम कुणाचं नाव घेऊन सांगितलं नव्हतं. कामावरून आले की चप्पल काढता काढता म्हणायचे, "पाणी." कॉटवर टेकले की म्हणायचे, "चहा झाला न्हाय व्हय अजून." रात्री दिवा मालवायच्या आधी, "पांघरूण कुटं गेलं." ही वाक्यं ते दाराच्या चौकटीकडं, भिंतीवरच्या घड्याळाकडं, उन्हाळ्यात पंख्याकडं बघून बोलत, आणि तरी पाणी यायचं, चहा यायचा, पांघरूण सापडायचं. ज्या बाईमुळं हे सगळं घडत होतं तिचं नाव वच्छला. पण ते नाव अण्णांच्या तोंडून त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं, कधी ऐकलेलं नव्हतं. मंद्रूपच्या त्यांच्या घराण्यात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रीत होती. अण्णांनी ती उलट्या बाजूनंही पाळली. अगदीच अडलं, म्हणजे बाजाराच्या गर्दीत ती मागं राहिली, तर थोरल्या मुलाला पुढं करून "इंद्रजीतची आई" म्हणत. एरवी नुसतं "अगं". पुष्कळदा तेही नाही.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात आई गेली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर पाहुण्यांनी भरलं. तेव्हा अण्णा सवयीनं "पाणी" म्हणाले की चार बाया एकदम उठायच्या आणि चार तांबे यायचे. अण्णांनी एकदा त्या चारही तांब्यांकडं बघितलं, "मी काय म्हैस हाय व्हय," असं पुटपुटले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. पुढं पाहुणे पांगले, घरात अण्णा आणि ऋतुजा दोघंच उरली, आणि मग उलटाच प्रकार सुरू झाला. अण्णा पंख्याकडं बघून "चहा" म्हणायचे आणि पंखा फिरत राहायचा.

ऋतुजा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली असायची. पुण्याच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत ती होती, त्यांनी तिला काही महिने घरून काम करायची मुभा दिली होती. अण्णा दुसऱ्यांदा हाक मारत नसत. दुसऱ्यांदा हाक मारायचा त्यांना सरावच नव्हता. ती बाहेर आली की कॉटवर बसलेले अण्णा तिच्याकडं अशा नजरेनं बघत, की चहा न येण्यात तिचा काही दोष नाही, पण तो यायला हवा होता खरा.

"तुमी मला हाक मारली का?" ती विचारायची.

"न्हाय बा."

"मग चहा कुणाला मागत होता?"

"कुणाला न्हाय. आपलं म्हणलं."

एका सकाळी तिच्या कानाला काही नव्हतं. न्हाणीचं दार किलकिलं झालं, अण्णांचा ओला हात बाहेर आला आणि आतून आवाज आला, "अगं, टॉवेल राहिला."

ऋतुजा ज्वारीचं पीठ चाळत होती. ती जागच्या जागी थांबली. त्या "अगं"मध्ये ती नव्हती. आतल्या माणसालाही ते पुढच्याच क्षणी कळलं असावं, कारण हात तसाच राहिला. आतही गेला नाही आणि पुढंही आला नाही. तिनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्या हातावर ठेवला. दार लागलं. नंतर न्याहारी करताना दोघं उन्हाबद्दल बोलली. सोलापुरात होळीनंतर त्या विषयाला तोटा नसतो.

मे महिन्यात कंपनीचा निरोप आला, जुलैपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. इंद्रजीतचा बेत तयारच होता. अण्णांना पुण्याला त्याच्या फ्लॅटवर न्यायचं, सोलापूरचं घर भाड्यानं द्यायचं, ऋतुजानं पुण्यात पूर्वीच्या खोलीवर परत जायचं. बेतात कुठं खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्यात अण्णांना कुणी विचारलेलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझं काय, कुटं बी पडून राहीन."

ह्या वाक्याचा अर्थ ऋतुजाला चांगला ठाऊक होता. मागं एकदा अण्णा महिनाभरासाठी म्हणून पुण्याला गेले होते आणि आठवड्याच्या आत परत आले. का, तर इथं नळाला पाणी यायचा दिवस होता. पुण्यात नळाला रोज पाणी येतं, पण त्यात त्यांना काही राम वाटला नव्हता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. निवृत्त झाल्यावरही सकाळी सायकल काढून तिकडच्या टपरीवर जाऊन बसत, आणि आज अमक्याचा माग बंद पडला असं कानावर आलं की त्यांची कळी खुलायची. दुपारी येताना भाजी आणत. आईनं सांगितलेली सोडून दुसरीच. अशा माणसाला सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं, तर तो खरोखर कुठंही पडून राहील, आणि तीच भीती होती.

म्हणून ऋतुजानं गुपचूप एक अर्ज केला होता. गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवं होतं. नोकरी मिळाली तर ती सोलापुरात राहणार, ती राहिली तर अण्णा राहणार, इतकं ते सरळ होतं. बोलावणं आलं. मुलाखतीआधी वर्गात पाव तास शिकवून दाखवायचं होतं आणि विषय त्यांनीच दिला होता, स्टॅटिक मेथड आणि इन्स्टन्स मेथड.

आता शिकवायचा सराव करायचा तर श्रोते हवेत. गुपित तिथं फुटलं. आदल्या दिवशी दुपारी तिनं जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीला लावली आणि अण्णांना कॉटवर बसवलं. शेजारच्या निंगव्वा मावशी लसणाचं ताट घेऊन आपणहून आल्या. त्या अक्कलकोटकडच्या, त्यांचं मराठी कधी कानडीत शिरायचं आणि कधी परत यायचं, ते आईलाच आधी कळायचं. आई गेल्यापासून त्या रोज काहीतरी सोलायला, निवडायला इकडंच येऊन बसत.

"समजा, टॉवेल आहे," ऋतुजानं सुरुवात केली.

"समजा कशाला, हाय की," अण्णा म्हणाले. "दोरीवर हाय."

"दोरीवरचा वेगळा. मी म्हणते ती टॉवेलची कल्पना. टॉवेल म्हणजे काय, तर त्याला लांबी असते, रंग असतो, तो ओला असतो नाहीतर कोरडा. ह्या वर्णनाला आम्ही क्लास म्हणतो. दोरीवरचा तो एक खराखुरा टॉवेल, त्याला म्हणतात ऑब्जेक्ट."

"म्हंजे क्लासनं अंग पुसता येत न्हाय."

"नाही."

"मग उपेग काय त्येचा?"

"त्याच्यावरून पाहिजे तितके टॉवेल काढता येतात."

हे अण्णांनी मान्य केलं. त्यांचा जन्म त्यातच गेला होता. निंगव्वा मावशींनी पाकळी सोलता सोलता "हौदा," असं म्हणून आपल्यालाही पटल्याचं सांगितलं.

"आता मेथड म्हणजे काम," ऋतुजा पुढं गेली. "काही कामांना कुठला टॉवेल ते सांगावंच लागत नाही. इंचाचे सेंटिमीटर करायचेत, तर त्याला कुठला टॉवेल लागतो? कुठलाच नाही. नुसत्या क्लासला विचारलं तरी उत्तर मिळतं. ती स्टॅटिक मेथड. पण 'ओला आहेस का' हे विचारायचं तर कुठल्या तरी एका टॉवेलालाच विचारावं लागतं. ती इन्स्टन्स मेथड."

"टॉवेलाला विचारायचं."

"हो."

"आन त्यो सांगतो."

"सांगतो."

"आनखी काय काय करतो त्यो?"

ऋतुजाला पुढचा खड्डा दिसत होता, पण भिंतीवर लिहून बसली होती. "वाळतो. घडी घालतो."

"कुणाची?"

"स्वतःचीच. प्रोग्रामिंगमध्ये तसंच लिहितात, अण्णा. आधी टॉवेलाचं नाव, मग टिंब, मग घडी. म्हणजे, बाबा टॉवेला, घडी हो."

अण्णांनी निंगव्वा मावशींकडं बघितलं. "ऐकलं का. जलमभर टॉवेल काढले मी, एक बी सोताहून घडी झाला न्हाय. येवडी वर्सं ह्या घरात घड्या पडत हुत्या, त्या काय टॉवेलानंच घातल्या व्हय."

बोलून झाल्यावर अण्णांची नजर पंख्यावर गेली. मावशींनी एक पाकळी सालीसकटच सोललेल्यांत टाकली.

"घड्या वच्छलक्का घालायची," त्या म्हणाल्या. "कडेला कड लावून. ते बी लिव्ह की तितं."

ऋतुजानं काही लिहिलं नाही. मार्करचं टोपण लावलं, परत काढलं.

"उदाहरण बदल," अण्णा पंख्याला म्हणाले. "टॉवेल काय करणार. काम माणूस करतो. माणसाचं घ्यावं."

"सगळंच बदलायला लागेल मग."

"बदलावं की. येळ हाय. कॉलेजातली लोकं हसली म्हंजे."

"हसू देत. तुमी हसलाच आहात."

"याक, कशाला भांडता," मावशी मधे पडल्या. "पोरीला नोकरी लागली तर ती हितंच ऱ्हाणार. म्हंजे तुमी बी हितंच. व्हय का न्हाय?"

"माझं काय," अण्णा म्हणाले, "कुटं बी पडून राहीन."

"तुमाला काय पाहिजे ते एकदा सांगा की," ऋतुजा म्हणाली.

अण्णा उठले, सदरा घातला आणि दाराकडं बघून म्हणाले, "चांगलं शिकवावं." मग भाजी आणायला गेले.

टॉवेल बाद झाला. संध्याकाळी ऋतुजानं सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. क्लासचं नाव माणूस. माणसाला नाव असतं, आणि त्याच्या चहाला किती साखर लागते हा एक आकडा असतो. चहाची कृती सांगणं हे स्टॅटिक काम. ती कुठल्याही माणसाचं नाव न घेता विचारता येते, कारण कृती सगळ्यांची एकच. चहा करणं हे मात्र इन्स्टन्सचं काम. ते कुणीतरी एकानं उठून करावं लागतं. उदाहरण टॉवेलापेक्षा बरं होतं हे तिला मनातून कबूल करावं लागलं. ते अण्णांना सांगायचं तिनं टाळलं.

कॉलेजातल्या वर्गात पुढच्या बाकांवर तिघं परीक्षक होते. विभागप्रमुख उदयसिंह सर मधे, एका बाजूला बाहेरून आलेले एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला त्याच विभागातल्या एक मॅडम. मागं सुट्टीतही हॉस्टेलवर राहिलेली दहाबारा मुलंमुली धरून आणून बसवली होती. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतच होतं.

कृतीचं उदाहरण छान झालं. ऋतुजानं "माणूस, टिंब, कृती" असं लिहिलं, प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर उमटलं, पाणी, साखर, पत्ती, दूध. "बघा, एकही माणूस तयार केला नाही, तरी उत्तर मिळालं," ती म्हणाली. "आता प्रत्यक्ष चहा करून घेऊ." आणि तिनं पुढची ओळ लिहिली, "चहा कर", आणि प्रोग्राम चालवला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक ठिकाणाहून अशी बोलावता येत नाही, अशा अर्थाची.

ही चूक पहिल्या वर्षाची मुलं करतात. ऋतुजानं ती शेवटची केव्हा केली होती तेही तिला आठवेना. "चहा कर"च्या आधी ज्यानं चहा करायचा त्याचं नाव आणि टिंब लिहायला हवं होतं, आणि त्याही आधी तो माणूस तयार करायला हवा होता. तिनं काहीच केलं नव्हतं. तिच्या बोटांनी अण्णांचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं होतं.

"मॅडम," उदयसिंह सर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "कुणाला सांगताय?"

मागून एका मुलीनं, सोनम तिचं नाव, मदत करायच्या हेतूनंच म्हटलं, "मॅडम, माणूसच नाही की तिथं."

ऋतुजा पडद्याकडं बघत राहिली. तो पाव तास तिला फार महागाचा होता आणि त्यातला काही वेळ तसाच गेला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माणूस नाही." आवाज जागेवर होता, तेवढं तिला पुरलं. "ही चूक मी मुद्दाम केलेली नाही. पण झालीच आहे तर तिच्याकडंच बघू या. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं होतं का, की एक माणूस नुसतं 'पाणी' म्हणतो आणि पाणी येतं? कुणाचं नाव घेत नाही, कुणाकडं बघतसुद्धा नाही?"

मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा, मॅडम."

"आणि पाणी कोण आणतं?"

"आजी."

"आमच्यात मी," सोनम म्हणाली, आणि वर्ग हसला.

"आजोबांना वाटतं, पाणी हे म्हटलं की येतं," ऋतुजा म्हणाली. "म्हणजे त्यांच्या हिशेबी ती स्टॅटिक मेथड आहे, कुणाची गरजच नाही. पण ती तशी नसते. तिथं एक माणूस असतोच. घरात बोललेलं प्रत्येक वाक्य आपल्यालाच म्हटलंय असं तो धरून चालतो, म्हणून त्याचं नाव घ्यायची वेळ येत नाही. घर त्यावर वर्षानुवर्षं चालतं. कॉम्प्युटर मात्र असं काही धरून चालत नाही. तो तिथंच थांबतो आणि विचारतो, कोण?"

बाहेरून आलेले प्राध्यापक इतका वेळ मोबाइलकडं बघत होते. त्यांनी तो पालथा ठेवला.

"तर आता माणूस तयार करू," ऋतुजा म्हणाली, आणि नाव लिहायच्या जागी थांबली. एक नाव बोटांवर आलेलं होतं. ते तिनं तिथंच राहू दिलं आणि दुसरं लिहिलं, कुंडलिक. साखर शून्य. मग खालच्या ओळीत, "कुंडलिक, टिंब, चहा कर".

पडद्यावर शांतपणे उमटलं, "कुंडलिक चहा करत आहे."

ऋतुजाला ओठ आवळून धरावे लागले. हे वाक्य जगात पहिल्यांदाच खरं होत होतं, आणि ते ओळखणारं वर्गात दुसरं कुणी नव्हतं.

सोनमनं हात वर केला. "पण मॅडम, मग सगळंच स्टॅटिक करून टाकलं तर? माणूस तयार करायची कटकटच नको."

"करून बघ मनातल्या मनात. साखरसुद्धा स्टॅटिक केलीस, तर ती एकेका माणसाची राहत नाही, सगळ्यांची मिळून एकच होते. एकाला डॉक्टरांनी साखर बंद सांगितली की त्या मिनिटापासून अख्ख्या गल्लीचा चहा अगोड."

विभागातल्या मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "आमच्या स्टाफरूममध्ये तसंच आहे. सरांची साखर वाढल्यापासून आम्ही सगळे पथ्यावर आहोत."

"तुमची पण तपासून घ्या," सर म्हणाले. "आभार मानाल."

घरी आल्यावर अण्णांनी कसं झालं ते विचारलं नाही. कॉटवरून म्हणाले, "झालं म्हणायचं."

"झालं. तुमच्याकडून चहा करून घेतला सगळ्यांसमोर."

"कसा झालता?"

"अगोड."

अण्णांनी ह्यावर जरा विचार केला. "पत्ती जास्त टाकाय पायजे हुती," ते म्हणाले.

सरांचा फोन त्याच आठवड्यात आला. जागा पीएचडी झालेल्या एका उमेदवाराला गेली होती. "नियमाप्रमाणं त्यांनाच द्यावी लागते," सर म्हणाले. "पण तुम्हाला सोडावंसं वाटत नाही. तासिका तत्त्वावर येता का? सध्या एक वर्ष. पुढचं पुढं बघू." मानधन किती ते सांगायच्या आधी ते दोनदा खाकरले, त्यावरूनच अंदाज आला. ऋतुजानं संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलं.

नाही म्हणायला कारणं पुष्कळ होती, आणि हो म्हणायला एकच. आईनं असा विचारसुद्धा केला नसता. अण्णांना इथंच राहायचंय हे तिनं न सांगता ओळखलं असतं, न मागता केलं असतं, आणि अण्णांना कधी कळलंही नसतं की कुणी काही केलं. ऋतुजा आतल्या खोलीत हेडफोन लावून बसली, पण त्यात काही वाजत नव्हतं. तिला राहायला हरकत नव्हती. पण न मागता आलेले चहा तिनं ह्या घरात फार बघितले होते.

अण्णा पिशवी घेऊन आले. आज गवार. तिनं त्यांना जे होतं ते सांगितलं. जागा गेली, पण तासांवर बोलावतायत, एक वर्ष, कमी पैशात.

"हं," अण्णा म्हणाले आणि गवार ताटात ओतून मोडायला बसले. गवार त्यांनी यापूर्वी मोडलेली नव्हती. शेंगांचे तुकडे कुठं बोटभर, कुठं नखभर पडत होते.

तेवढ्यात इंद्रजीतचा फोन आला. ऋतुजानं तो स्पीकरवर टाकून दोघांच्या मधे ठेवला.

"रविवारी गाडी घेऊन येतो," इंद्रजीत म्हणाला. "अण्णांचं सामान किती होईल? सायकल काही आणायची नाही हं, आधीच सांगतो. इथं ठेवायला जागा नाही."

अण्णांनी एक शेंग मोडली. फोननं वाट बघितली. मग अण्णांनी मान वर केली आणि पंख्याला सांगितलं, "ऱ्हायला पायजे हितं."

"काय म्हणाले?" फोनमधून आवाज आला.

"दादा, थांब जरा," ऋतुजा म्हणाली. "कुणी राहायला पाहिजे, अण्णा?"

"आपलं म्हणलं."

"पण कुणाला?"

"ज्येला ऱ्हायचं त्येनं."

"तो कोण? घरात तुमी आणि मी. दादा फोनमधे. यातलं कोण?"

"तुला कळंना व्हय?" अण्णा जरा चिडले. "शिकल्याली हाईस की येवडी."

"कळतंय मला," ऋतुजा म्हणाली. "पण मी ते धरून चालणार नाही. आई धरून चालायची."

अण्णांच्या हातातली शेंग मोडायची राहिली. त्यांनी पंखा सोडला, घड्याळ सोडलं, दाराची चौकट सोडली. नजर ठेवायला खोलीत दुसरं फारसं काही उरलं नाही तेव्हा ती तिच्यावर आली.

"व्हय," ते म्हणाले. "ती चालायची."

ऋतुजानं त्यापुढचं काही मागितलं नाही.

"ऋतुजा," अण्णा म्हणाले आणि थांबले. रस्त्यावर, शाळेच्या दाराशी, जत्रेत त्यांनी हे नाव कितीदा तरी मोठ्यानं हाकारलं होतं. घरात बसून काही मागताना ते जिभेला नवं होतं. "ऋतुजा, तू हितं ऱ्हा. मला न्हाय जायचं तिकडं. त्या लिफ्टमधी माझ्या पोटात गोळा येतो."

"अण्णा, मग आधी सांगायचं नाही का," फोन म्हणाला. "किती दिवस विचारतोय मी. मी रविवारी येऊ का नको मग?"

"तू ये की, इंद्रजीत," अण्णा म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर त्यांना बहुधा ते जमू लागलं होतं. "पोरास्नी घेऊन ये. आन सायकलची चेन आण पुण्यास्नं, हितली टिकत न्हाय."

"सोलापुरात चेन मिळत नाही का अण्णा?"

"मिळती. तू आण."

फोन बंद झाला. अण्णा पुन्हा गवारीला लागले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते ऋतुजाकडं बघत होते, आणि आपण बघत नाही असं दाखवायला एकेक शेंग नीट पारखून घेत होते. तिनं मोबाइल उचलला, सरांना "येते" एवढंच लिहून पाठवलं आणि तो पालथा ठेवला.

"मग?" अण्णांनी विचारलं. "ऱ्हाणार का, ऋतुजा?"

"बघते," ती म्हणाली, आणि ताटातल्या नखभर तुकड्यांतून बोटभर तुकडे वेगळे काढायला बसली. सकाळपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं. नाव घेऊन मागितल्यावर थोडी वाटही बघावी लागते, ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.